पाणी बघायच्या यंत्राचा कान

बोअर घ्यायचं ठरलं की हल्ली पाणाड्याबरोबर यंत्रवाल्यालाही बोलावतात. तो ओळीत चार सळया ठोकतो, वायरी पसरतो, पेटीवरचा आकडा वहीत लिहितो आणि जागा दाखवतो. बोअर कोरडं गेलं तर पैसे मात्र आपले बुडतात. म्हणून ती पेटी आत काय करते, ते आज आम्ही सांगतो.

बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडतात. मधल्या दोन सळयांमध्ये विजेचा दाब किती आला, ते पेटी मोजते. ओल्या मुरमातून वीज सहज जाते, अखंड काळ्या पाषाणातून जात नाही म्हटलं तरी चालेल. बाहेरच्या सळया लांब लांब नेल्या की खोलवरची खबर येते. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे यांनी १९१२ च्या सुमारास ही रीत जमिनीवर करून पाहिली.

गंमत पुढेच आहे. मधल्या सळयांवर येणारा दाब फारच बारीक, कधी कधी चार-पाच मिलिव्होल्ट. बॅटरीचा साधा सेल दीड हजार मिलिव्होल्टचा असतो, त्यावरून ओळखा. एवढं बारीक ऐकायचं तर पेटीचा कान तसाच हवा.

या कानाचा पहिला गुण म्हणजे तो स्वतः वीज पीत नाही. दुधाची चव बघायला वाटीभर काढलं तर घरच्यांना काय उरणार? बोटाला लागेल एवढा थेंब पुरतो. समजा माती सुकी आहे आणि मधल्या प्रत्येक सळईपाशी दहा हजार ओहमचा अडथळा आहे, दोन्हींचा मिळून वीस हजार. पेटीचा स्वतःचा अडथळाही वीस हजारच असेल, तर खरा दाब चार असताना ती दोनच दाखवेल. चांगल्या पेटीचा अडथळा एक कोटी ओहम किंवा त्याहून जास्त ठेवतात. मग हजारात दोनच भाग चुकतात. सळईच्या बुडाशी पाणी ओततात तेही हा अडथळा कमी व्हावा म्हणून. तिथे आळस नको.

दुसरी अडचण डीपीची आणि मोटारीची. त्यांची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते आणि मातीतून सळयांपर्यंत येते. पेटी दोन सळयांमधला फरक तेवढा घेते. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखं वजन टाकलं तर काटा हलत नाही, तसा दोन्हीकडे सारखा आलेला गोंगाट तिथेच जिरतो. उरलेला गाळायला चाळण असते. ती संथ वीज जाऊ देते, हेलकावे अडवते. तरी चाळणीवर फार भार टाकू नये. मोजणी चालू असेपर्यंत आजूबाजूच्या मोटारी बंद ठेवायला सांगा, आणि तारांखाली सळया ठोकू देऊ नका.

शिवाय जमिनीत आणि सळयांपाशी आपली आपली वीज असतेच. ती तीस मिलिव्होल्ट आणि आपली चार असेल तर पेटीला चौतीस दिसतात. सोडलेली वीज उलटी फिरवली की सव्वीस. दोन्हींत फरक आठाचा, त्याचा निम्मा चार. हाच खरा आकडा. टोपलीचं वजन वजा करतो तसंच हे. जमिनीची वीज फार असेल तर आवाज वाढवण्याआधीच ती वजा करावी लागते, नाहीतर गच्च वाढवलेल्या कर्ण्यासारखा आवाज फाटतो आणि आकडा निरर्थक ठरतो. एकाच जागी तीन-चार वेळा मोजायला सांगा. आकडे जवळजवळ आले तर ठीक. दर वेळी वेगळेच आले तर सळया पुन्हा ठोकून घ्या.

आणि कमी आकडा म्हणजे पाणीच, असं नाही. चिकणमाती, दोन पाषाणांमधला तांबड्या मातीचा थर, खारं पाणी, यांचाही आकडा कमीच येतो. पेटीला त्यातला भेद कळत नाही. शेजारच्या विहिरीत किती परसावर मुरूम संपला, तांबडा थर कुठे लागला, झरा कुठून येतो, हे आपल्यातल्या जुन्या बायकांना ठाऊक असतं. ते त्याला जागा ठरवण्याआधी सांगा, आणि त्याच्या वहीत लिहून घ्यायला लावा.