ब्रशचा दिवा लागला, म्हणजे हेड झिजलं का?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी या भागाचा हा लेखी मजकूर.

मागच्या महिन्यात आईचा फोन आला. "अरे, तू दिलेला ब्रश बिघडला बघ. सारखा दिवा लागतोय. मी आपला जुना काढलाय." तिची बोटं दुखतात, म्हणून मी तिला इलेक्ट्रिक टूथब्रश घेऊन दिला होता. ब्रश ठणठणीत होता. हेड बदला, एवढंच तो दिवा सांगत होता.

पण हेड झिजलंय हे ब्रशला कळतं कसं? खरं सांगू? कळत नाहीच. तो अंदाज बांधतो.

फिलिप्स सोनिकेअरच्या काही मॉडेल्सचं उदाहरण घेऊ. हेडमध्ये छोटीशी एनएफसी चिप असते. फोन टेकवून पेमेंट करतो ना, तेच तंत्रज्ञान. हेड किती वेळ वापरलं याची नोंद ठेवली जाते, काही मॉडेल्स दाबाचाही हिशोब धरतात. मर्यादा भरली की दिवा लागतो. ओरल-बीच्या बऱ्याच हेड्सवर साधी युक्ती आहे: रंगीत ब्रिसल्स वापरून फिके पडतात.

अमेरिकन डेंटल असोसिएशन म्हणते, तीन-चार महिन्यांनी बदला, आणि ब्रिसल्स फाकले तर त्याआधीच. रोज दोनदा, दोन-दोन मिनिटं धरली तर 90 दिवसांत 360 मिनिटं होतात. पण कोण किती जोरात घासतो, यावर झीज ठरते. म्हणून दिवा ही फक्त आठवण समजा. निकाल ब्रिसल्स बघूनच द्यायचा.

आईला व्हिडिओ कॉलवर हेड दाखवायला सांगितलं. ब्रिसल्स जुन्या केरसुणीसारखे फाकलेले! साध्या ब्रशच्या सवयीनं ती दाबून घासत होती. इलेक्ट्रिक ब्रश नुसता दातावर टेकवून हळूहळू पुढे सरकवायचा, घासायचं काम त्याचं. तुमचं हेड महिन्याभरातच फाकत असेल, तर आधी हात हलका करा.

आता खरेदीचं बोलू. दिसायला सारखं म्हणून बसेलच असं नाही. ओरल-बीच्याच आयओ मालिकेची हेड्स त्यांच्या जुन्या गोल हेडवाल्या हँडलवर बसत नाहीत. त्यामुळे मॉडेल नंबर बघूनच ऑर्डर करा. दुसऱ्या कंपनीचं स्वस्त हेड घेताय? चिप नसेल तर आठवण येणार नाही, पण ब्रश चालेल. मात्र ते घट्ट बसायला हवं आणि ब्रिसल्सची टोकं गोलसर हवीत, नाहीतर हिरड्यांना टोचतात.

आणि नवीन ब्रश घेण्याआधी हेडची किंमत बघा. माणशी वर्षाला चार हेड्स लागतात. हँडलचा खर्च एकदाच, हेडचा कायम. घरात दोघांत एक हँडल चालेल, हेड मात्र ज्याचं त्याचं.

आईनं नवीन हेड लावलंय. दिवा बंद झाला आणि जुना ब्रश आता कंगवे धुवायला गेलाय. तुम्हीही आज रात्री आपला ब्रश उजेडात धरून बघा. भेटू पुढच्या भागात!