पाचशे डॉलरचं जॅकेट आणि हरणाचे डोळे

अमेरिकेतला हौशी शिकारी चार-पाचशे डॉलर मोजून झाडाची साल आणि पानापाचोळा छापलेलं जॅकेट घेतो. जंगलात आपण कुणाला दिसू नये म्हणून. मग त्याच जॅकेटवर दहा डॉलरचं भडक नारिंगी बिनबाह्यांचं जाकीट चढवतो. जंगलात आपण सगळ्यांना दिसावं म्हणून! बहुतेक राज्यांत बंदुकीनं हरीण टिपायला निघालेल्या माणसाला असं नारिंगी घालणं कायद्यानंच भाग आहे, नाहीतर पलीकडच्या झाडामागचा दुसरा शिकारी त्यालाच हरीण समजायचा. आणि एवढं नारिंगी पांघरूनही लोकांना हरणं मिळतातच. मग ते पाचशे डॉलर गेले कुठं?

याचं उत्तर हरणाच्या डोळ्यात आहे. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या, हरणाच्या डोळ्यात दोनच. लाल आणि नारिंगी त्याला वेगळे कळत नाहीत, मातकट-हिरवट पसाऱ्यात ते विरघळून जातात. निळा मात्र त्याला आपल्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणजे झगझगीत नारिंगी जाकिटापेक्षा साधी निळी जीन्स घालून जाणारा गडी लवकर पकडला जातो. त्यातही एक मेख आहे. ‘चमकदार सफेदी’ देणाऱ्या धुण्याच्या पावडरींत अतिनील किरण शोषून निळसर उजेड फेकणारी रसायनं असतात, आणि हरणाला तो भाग चांगला दिसतो. त्यामुळं महागडं जॅकेट घरच्या नेहमीच्या पावडरीत बुडवलं की पैसे धुपलेच समजा. तिकडं शिकाऱ्यांसाठी बिनचमकीची वेगळी पावडर मिळते, ती यासाठीच.

वाघ नारिंगी का, याचाही उलगडा इथंच होतो. २०१९ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर हरणाची नजर उभी करून पाहिलं, तर दोन-रंगी डोळ्याला वाघ झाडोऱ्याच्याच रंगाचा भासतो. ताडोबात जिप्सीतून आपल्याला लांबून उठून दिसणारा पट्टेवाला चितळाच्या लेखी हिरवटच. केसाळ प्राण्याच्या अंगाला हिरवा रंग तयार करता येत नाही, म्हणून निसर्गानं नारिंगीवर भागवलं. छपाईचा खर्च शून्य!

गुलाबी बंदूकवाले

हरणाला नारिंगी आणि गुलाबी सारखेच, हे कळल्यावर विस्कॉन्सिन राज्यानं २०१६ मध्ये भडक गुलाबीलाही शिकारीत कायदेशीर मान्यता देऊन टाकली. महिला शिकारी वाढतील, अशी आशा होती. ‘आम्हाला गुलाबीच आवडतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ असं म्हणत काही महिला शिकारीच त्यावर चिडल्या.

टर्कीच्या शिकारीत मात्र सगळं गणित उलटतं. पक्ष्यांना रंग आपल्यापेक्षाही जास्त दिसतात, तेव्हा तिथं पानाफुलांची छपाई खरोखर उपयोगी. वर आणखी एक नियम शिकवतात: लाल, पांढरं आणि निळं काही अंगावर ठेवू नका, मोजासुद्धा नको. नर टर्कीच्या डोक्यावर नेमके हेच तीन रंग असतात. देशप्रेमानं झेंड्याच्या रंगांत नटून गेलेला अमेरिकी माणूस झुडपाआड टर्की म्हणून गोळी खाऊ शकतो.

मूठभर माती

ही छपाई फार जुनी नाही. १९८० च्या सुमारास व्हर्जिनियातल्या जिम क्रमली नावाच्या शिकाऱ्यानं साधे कपडे घरीच रंगवले, त्यांवर मार्करनं सालीसारख्या उभ्या रेघा ओढल्या आणि ‘ट्रीबार्क’ नावानं विकायला काढले. १९८६ मध्ये मिसिसिपीतल्या टॉक्सी हासनं आपल्या जंगलातली मूठभर पानं-माती कापडवाल्यासमोर ठेवली आणि ‘असंच कापड पाहिजे’ म्हणाला. त्यातून ‘मॉसी ओक’ जन्मलं. त्याच वर्षी ‘रिअलट्री’ही आलं. कापडावरची पानं दिवसेंदिवस फोटोसारखी हुबेहूब होत गेली. माझं स्पष्ट मत असं, की त्या पानांचं खरं गिऱ्हाईक दुकानात उभा असलेला शिकारीच होता. थोडं लांबून ती सगळी बारीक नक्षी एकजीव होऊन एक काळसर माणूस तेवढा उरतो. पुढं गोरटेक्सवाल्या गोर कंपनीनं ‘ऑप्टिफेड’ नक्षी करताना प्राण्यांच्या दृष्टीचा अभ्यासक हाताशी घेतला. तिच्यात पानं नाहीतच, माणसाची आकृती फोडणारे ओबडधोबड ठिपके आणि पट्टे आहेत.

स्कॉटलंडला हे फार आधी उमगलं होतं. तिथल्या जमीनदारांनी आपापल्या डोंगराच्या रंगाचं लोकरी ट्वीड विणून घ्यायची प्रथा पाडली. व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्यानं, प्रिन्स अल्बर्टनं, बालमोरलच्या आपल्या इस्टेटीसाठी तिथल्या करड्या ग्रॅनाइट दगडाशी मिळतं ट्वीड ठरवलं. पानं नाहीत की साल नाही, दगडाचा रंग तेवढा. आणि आपल्या ओळखीचा ‘खाकी’? तो शब्द ‘खाक’ म्हणजे धुळीवरून आला. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या ‘गाइड्स’ पलटणीनं लाल डगल्यांऐवजी हा धुळीचा रंग अंगावर घेतला आणि तो जगभर पसरला.

खरे पैसे ओलेपणाचे

शिकार म्हणजे तासन्‌तास थंडीत, झिरमिर पावसात गप्प बसणं. थंडीनं कुडकुडणारा माणूस हलतो, आणि हललेला माणूस हरणाला दिसतो, मग अंगावर काहीही छापलेलं असो. महाग कपड्याचं मोल इथं आहे.

१८९४ मध्ये इंग्लंडच्या साउथ शील्ड्स बंदरात खलाशी आणि कोळ्यांसाठी सुरू झालेलं ‘बारबर’ आजही मेण चढवलेल्या सुती कापडाची जॅकेटं करतं. त्यांच्या ‘ब्युफर्ट’ जॅकेटला पाठीमागं मारलेले पक्षी ठेवायचा आडवा लांब खिसा असतो. लंडनचे फॅशनवाले त्यात काय ठेवतात कुणास ठाऊक. किंमत अडीचशे पौंडांच्या वर. ते वॉशिंग मशीनमध्ये टाकायचं नाही, गार पाण्याच्या फडक्यानं पुसायचं आणि अधूनमधून पुन्हा मेण चढवायचं. तीनशे पौंडांचं जॅकेट पंचवीस वर्षं चाललं तर वर्षाला बारा पौंड पडले. या हिशोबानं ते स्वस्तच.

पाणी अडवून वाफ बाहेर सोडणाऱ्या पडद्याची गोष्ट वेगळी. १९६९ मध्ये बॉब गोर तापवलेल्या टेफ्लॉनच्या कांड्या हळूहळू ताणत होता आणि त्या तुटत होत्या. वैतागून त्यानं एक कांडी हिसडली, तर ती कितीतरी पट लांबली. हेच पुढं गोरटेक्स झालं. त्यातली भोकं पाण्याच्या थेंबाहून हजारो पटींनी लहान आणि वाफेच्या कणाहून मोठी. पण आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार आणि दमट असेल तरच वाफ बाहेर ढकलली जाते. मोंटानाच्या थंडीत हे झकास चालतं. मी तसलंच एक भारी जॅकेट घालून जुलैत हरिश्चंद्रगड चढलो. पावसानं भिजलो नाही, घामानं चिंब झालो. बाहेरची हवाच ओलीगच्च असेल तर घामाची वाफ बिचारी जाणार कुठं?

लोकरीला हा त्रास कमी. ती आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटात घेते आणि ओली झाली तरी ऊब सोडत नाही. मेरिनो लोकरीच्या बनियनला शंभर डॉलर मोजणाऱ्यांनी एकदा आपल्या धनगराच्या घोंगडीकडं पाहावं. चिंचोक्याची खळ दिलेली, पाऊस झेलणारी, रंगानं मातीत मिसळणारी, आणि हलताना आवाज न करणारी.

आवाजावरून आठवलं. कान टवकारून उभ्या असलेल्या हरणासमोर सळसळणारं नायलॉन किंवा खर्रकन उघडणारा वेल्क्रो म्हणजे ढोल बडवण्यासारखंच. मऊ, लवदार कापडाला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. वासाच्या बाबतीत मात्र सावध राहा. माणसाचा वास गिळणारे कार्बनचे कपडे आले, ते घरच्या ड्रायरमध्ये फिरवले की पुन्हा नव्यासारखे होतात असं सांगितलं गेलं. मिनेसोटात शिकारी कोर्टात गेले. सगळा वास घालवण्याचा आणि कपडा नव्यासारखा होण्याचा दावा २०१० मध्ये न्यायाधीशांनी खोटा ठरवला आणि तशा जाहिरातींवर बंदी घातली. पुढच्या वर्षी वरच्या कोर्टानं त्या जाहिरातींवरची बंदी उठवली, ते निराळं. जुने शिकारी आजही वाऱ्याच्या उलट दिशेनं बसतात. त्याला पैसे पडत नाहीत.

तेव्हा हिशोब असा: बूट, पावसाचा थर आणि अंगालगतची लोकर यांना हात सैल सोडावा. टर्कीची शिकार सोडली तर पानाफुलांना एक रुपयाही जास्त देऊ नये. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकारीचा शौक संपला, पण बुद्धपौर्णिमेला मेळघाटातल्या मचाणावर रात्र काढणाऱ्यालाही हाच हिशोब लागू आहे. तिथं जुना, विटका, मळखाऊ शर्ट उत्तम चालतो.

आणि हौसेनं पानापानांची पँट घेतलीच असेल, तर वेस्ट इंडिजला क्रिकेटचा सामना पाहायला जाताना ती घरीच ठेवा. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदादमध्ये सैन्याबाहेरच्या माणसानं कॅमोफ्लाज घालणं गुन्हा आहे, आणि यातून लहान मुलांचे कपडेसुद्धा सुटत नाहीत.