चिंच गेली, मिरची आली

मेक्सिकोत चिंचेच्या गराची आंबट-गोड-तिखट गोळी घरोघरी आवडीची. तिच्यातली मिरची मूळची तिकडचीच. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती गोव्यात उतरली आणि सीमेलगतच्या इन्सुली-बांदा या गावांच्या चुलीपर्यंत पोचली. चिंच मात्र पूर्वेकडून मेक्सिकोत गेली. ‘टॅमरिंड’ हे नाव अरबी ‘तमर हिंदी’वरून, म्हणजे हिंदुस्तानी खजूर!

ही मेक्सिकन गोळी घरी करायची तर पाव किलो बिनबियांची चिंच कोमट पाण्यात भिजवून गर गाळा. तितकाच गूळ घाला (तिकडचा ‘पिलोन्सियो’ म्हणजे आपला गूळच). भांडं स्टीलचं घ्या, आंबटाला अ‍ॅल्युमिनियम नको. गर कडा सोडेपर्यंत मंद आचेवर ढवळा. घाई केली तर गोळी वळतच नाही. शेवटी मीठ, मिरचीपूड. तुपाच्या हातानं गोळ्या वळून पिठीसाखरेत घोळवा.