शेंडेनक्षत्राचा माग

सन २०२४ च्या दसऱ्याच्या सुमारास सायंकाळीं पश्चिमेस जें शेंडेनक्षत्र दिसूं लागलें, तें पुष्कळांनीं पाहिलें, पुष्कळांनीं त्याचीं छायाचित्रें घेतलीं, आणि दिवाळीचे फटाके वाजूं लागतांच बहुतेक मंडळी त्याला विसरून गेली. तें कोठून आलें, कोठें गेलें, आणि त्याचा मार्ग व तेज ज्योतिषी आधीं कशाच्या आधारानें सांगतात, हा प्रश्न मात्र थोड्यांनींच विचारला. आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस ह्याविषयीं चार गोष्टी सांगाव्या असा आमचा विचार आहे.

सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत केतूंवर एक स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. त्यांत केतूचा उदय व अस्त गणितानें जाणतां येत नाहीं असें तो स्पष्ट म्हणतो. ग्रहणाचा दिवस पंचांगांत आधीं लिहितां येई, शेंडेनक्षत्राचा येत नसे. म्हणून राजाचा मृत्यु, अवर्षण, रोगराई हें सर्व त्या बिचाऱ्याच्या माथीं मारलें गेलें. ही समजूत आपल्याकडेच होती असें नव्हे. सन १९१० च्या मे महिन्यांत पृथ्वी हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटांतून जाणार असें ठरतांच, त्या शेपटांतील विषारी वायूनें माणसें मरतील ह्या भयानें सुधारलेल्या अमेरिकेंतही लोकांनीं गोळ्या विकत घेतल्या. पृथ्वीचें कांहींच वांकडें झालें नाहीं. गोळ्या विकणाऱ्यांचें मात्र साधलें.

वराहमिहिराला जें अशक्य वाटलें, तें एडमंड हॅले ह्या इंग्रज पंडितानें केलें. १५३१, १६०७ व १६८२ ह्या सालीं दिसलेल्या तीन धूमकेतूंचे मार्ग इतके सारखे आहेत कीं तो एकच धूमकेतु असला पाहिजे, असें त्यानें १७०५ मध्यें प्रसिद्ध केलें व तो १७५८ च्या सुमारास पुन्हां येईल असें भाकीत केलें. पुढें फ्रान्समध्यें क्लेरो, लालांद व निकोल-रेन लपोत नांवाची एक विदुषी ह्यांनीं गुरु व शनि ह्यांच्या आकर्षणाचा हिशेब अनेक महिने खपून केला आणि तो १७५९ च्या एप्रिलच्या मध्यावर सूर्याच्या अगदीं जवळ येईल असें सांगितलें. हॅले तर १७४२ मध्येंच वारला होता. १७५८ च्या नाताळच्या रात्रीं पालिच ह्या जर्मन शेतकऱ्यानें तो धूमकेतु प्रथम पाहिला, आणि १३ मार्च १७५९ रोजीं तो सूर्यासमीप पोहोंचला. शहात्तर वर्षांच्या फेरींत एक महिन्याची चूक! मुलींनीं लपोतबाईंचें नांव विशेष ध्यानांत ठेवावें.

आतां मूळ विषयाकडे वळूं. धूमकेतु कोठें आहे हें सांगावयाचें म्हणजे त्याची केवळ दिशा सांगावयाची. पृथ्वीवर गांवाचे अक्षांश-रेखांश असतात तसेच आकाशांतही कल्पिलेले आहेत. जवळच्या ओळखीच्या ताऱ्यांपासून धूमकेतु किती अंशांवर आहे हें मोजलें कीं त्याचें स्थान निघतें. परंतु त्या मोजणीबरोबर वेळ व ठिकाण लिहिलें नाहीं तर ती व्यर्थ होय. ह्या बाबतींत आम्हां वाशीमकरांस थोडा अभिमान बाळगावयास हरकत नाहीं. लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी जी मध्यरेषा प्राचीन ज्योतिषांनीं मानिली, तिच्यावरील गांवांत वत्सगुल्माचें, म्हणजे आपल्या वाशीमचें, नांव जुन्या ग्रंथांत येतें, आणि येथील मध्यमेश्वराचें देऊळ त्याच रेषेवर उभें आहे असें सांगतात. आजच्या मोजणीनें पाहतां उज्जयिनी व वाशीम ह्यांच्या रेखांशांत सव्वा अंशाहून थोडें अधिक अंतर आहे, म्हणजे सूर्य माथ्यावर येण्यांत सुमारें पांच मिनिटांचा फरक. अभिमान बाळगावा, पण मोजणी आजचीच घ्यावी.

दिशा कळली, तरी अंतर कळत नाहीं. मग कक्षा कशी काढावयाची? रात्रीच्या वेळीं अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या गाडींत आपण बसलों आहों आणि दूर रानांत एक कंदील हालतो आहे असें समजा. एकदां पाहून तो किती दूर आहे हें सांगतां येणार नाहीं. परंतु आपल्या गाडीचा वेग ठाऊक असला, कंदील घेणारा कोणत्या नियमानें चालतो हेंही ठाऊक असलें, आणि थोड्याथोड्या वेळानें तीनदां दिशा टिपली, तर त्याची वाट काढतां येईल. येथें गाडी म्हणजे पृथ्वी, आणि चालण्याचा नियम म्हणजे केप्लर व न्यूटन ह्यांनीं सांगितलेला सूर्याच्या आकर्षणाचा नियम. कक्षेचा आकार, तिचा कल, तिची दिशा व धूमकेतूची वेळ मिळून सहा अंक काढावयाचे असतात. प्रत्येक वेध दोन अंक देतो, म्हणून निदान तीन वेध लागतात. अधिक दिवसांचे वेध मिळाले म्हणजे कक्षा अधिक नेमकी होते.

वेध तुटले तर काय होतें हें ह्याच धूमकेतूनें दाखविलें. चीनमधील पर्पल मौंटन वेधशाळेनें तो ९ जानेवारी २०२३ रोजीं टिपला, परंतु पुढील वेध कोणीं न कळविल्यामुळें तो हरवला असें समजून यादींतून त्याचें नांव काढलें गेलें. २२ फेब्रुवारी रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील अ‍ॅटलास दुर्बिणीला तो पुन्हां सांपडला. म्हणून त्याचें नांव त्सूचिन्शान-अ‍ॅटलास असें जोडनांव झालें. तो ८०,००० वर्षांनीं परत येईल असें वर्तमानपत्रांत छापून आलें होतें. आमच्या मतें अशा अंकावर विसंबूं नये; त्याची कक्षा जवळजवळ उघडीच आहे, आणि तो बहुधा परत येणार नाहीं.

तेजाची गोष्ट ह्याहून बिकट आहे. पृथ्वीपासूनचें अंतर निम्मे झालें तर धूमकेतु चौपट तेजस्वी दिसतो. सूर्यापासूनचें अंतर निम्मे झालें तर मात्र साधारणतः सोळापट, कारण त्यावर ऊन अधिक पडतें एवढेंच नव्हे, तर बर्फ तापून वायु व धूळ अधिक बाहेर पडते. २७ सप्टेंबर २०२४ रोजीं हा धूमकेतु सूर्यापासून सुमारें ५.८ कोटी किलोमीटरांवर होता, १२ ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्याच्या दिवशीं, सुमारें ८.४ कोटींवर, आणि महिनाअखेर सुमारें १४ कोटींवर. दसरा ते दिवाळी ह्या काळांत केवळ सूर्याच्या हिशेबानें त्याचें तेज सुमारें सातपट घटावयास हवें. दसऱ्यास तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारें ७ कोटी किलोमीटरांवर होता, तेंही अंतर पुढें वाढलें. तरी प्रत्यक्ष घट ह्या दोहोंहून पुष्कळच अधिक झाली. ह्याचें कारण घरांतील कवडशांत सांपडतें. कवडशाकडे तोंड करून पाहिलें तर धुळीचे कण झगमगतात. पाठीमागून पाहिलें तर मंद दिसतात. ९ ऑक्टोबरच्या सुमारास धूमकेतु सूर्य व पृथ्वी ह्यांच्या जवळजवळ मध्यें आला होता, म्हणून त्याची धूळ तशीच झळाळली, आणि पुढें ती झळाळी ओसरली. जुलै २०२४ मध्यें तर सेकानिना ह्या अनुभवी ज्योतिषानें तो सूर्यापाशीं पोहोंचण्यापूर्वींच फुटेल असें लिहिलें होतें. तो फुटला नाहीं. उलट १९७३ च्या कोहूतेकाचा केवढा गाजावाजा झाला होता, आणि तो निराशाच करून गेला. मार्ग गणिताच्या ताब्यांत आहे. तेज अद्याप पुरतें नाहीं.

म्हणूनच तेजाचे साधे वेधही उपयोगी पडतात. हात लांब करून धरिला असतां मूठ सुमारें दहा अंश झांकते व करंगळी एक अंश. ह्या मोजपट्टीनें शुक्र व स्वाती ह्यांपासूनचीं अंतरें दसऱ्यानंतर कोणाही विद्यार्थ्यास मोजतां आलीं असतीं. तेजासाठीं लहान दुर्बिणीचें भिंग थोडें हालवून तारे धूमकेतूइतके पसरट दिसतील असें करावें, आणि एक त्याहून तेजस्वी व एक मंद तारा निवडून मधली प्रत ठरवावी. ज्यांना दूरचें अंधुक दिसतें त्यांनीं चष्मा काढला तरी हेंच काम होतें! तारीख, वेळ, गांव, चांदणें होतें कीं नाहीं, हें वहींत लिहावें. कोजागरीचें चांदणें १६ ऑक्टोबरला होतें. त्या रात्रीं शेपूट आंखूड दिसलें तर दोष धूमकेतूचा नव्हे.

हॅलेचा धूमकेतु डिसेंबर २०२३ मध्यें आपल्या कक्षेच्या दूरच्या टोकाला, नेपच्यूनच्याही पलीकडे, वळला असून आतां परत निघाला आहे. २८ जुलै २०६१ रोजीं तो सूर्यासमीप येईल. आज आठवींत असलेलीं मुलें तेव्हां पन्नाशीच्या आसपास असतील, आणि वऱ्हाडांत तेव्हां पावसाळ्याचे ढग असतील. म्हणून त्यांनीं जुलैची वाट न पाहतां त्या वर्षीं पाऊस लागण्यापूर्वींच पहांटे उठून दुर्बिणीनें त्याचा शोध सुरू करावा.