एका तबकडीवर दोन संसार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शाळेतल्या संगणकावर विंडोज होतेच. त्याच्या जोडीला लिनक्स घालण्याचे काम मी अंगावर घेतले होते. हार्ड डिस्कच्या विभागांची यादी पडद्यावर होती. त्यातला एक रिकामा विभाग काढून टाकायचा होता. मी चुकून त्याच्या खालची ओळ निवडली आणि होकार दिला. क्षणार्धात सुमारे ३०० जीबीचा विभाग नाहीसा झाला! त्यात गणिताच्या सरांच्या आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या, त्यांनी स्वतः काढलेल्या आकृत्यांसह. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

आता जरा विचार करा. ३०० जीबी खरोखर पुसायचे तर डिस्कला पाऊण तास तरी लागला असता. मग हे एका क्षणात कसे घडले? या प्रश्नाच्या उत्तरातच 'पार्टिशन' म्हणजे काय ते दडलेले आहे.

भिंत नाही, नोंद

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या असतात. त्यांवर माहिती लहान लहान घरांत लिहिली जाते. या घरांना सेक्टर म्हणतात. एका सेक्टरमध्ये परंपरेने ५१२ बाइट मावतात आणि सेक्टरांना ० पासून ओळीने क्रमांक असतात. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये साधारणपणे ९७,६७,७३,१६८ सेक्टर असतात. (५१२ ने गुणून पाहा!) एसएसडीमध्ये तबकडी नसते, पण संगणकाला तीही अशीच क्रमांक घातलेल्या घरांची रांग म्हणून दिसते.

डिस्कचे विभाग केले म्हणजे मध्ये भिंत उभी राहिली, असे आपल्याला वाटते. तसे काही होत नाही. शेताची वाटणी झाली की बांध घालतात आणि सातबाऱ्यावर नोंदही करतात. डिस्कवर बांध नसतोच, असते ती फक्त नोंद.

हे दप्तर अगदी पहिल्या, म्हणजे ० क्रमांकाच्या सेक्टरमध्ये असते. त्यातले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट विभागांच्या तक्त्यासाठी आणि उरलेले २ बाइट ओळखखुणेसाठी. ही मांडणी १९८३ मध्ये आयबीएम पीसीच्या डॉस २.० बरोबर आली. एका विभागाची नोंद १६ बाइटची असते. म्हणजे मुख्य विभाग जास्तीत जास्त चारच! (अधिक हवे असतील, तर चारांपैकी एकाला 'विस्तारित' ठरवून त्याच्या पोटात आणखी विभाग करता येतात.) प्रत्येक नोंदीत मुख्यतः तीन गोष्टी असतात : विभाग कोणत्या सेक्टरपासून सुरू होतो, त्यात किती सेक्टर आहेत आणि तो कोणत्या प्रकारचा आहे. षोडशमान पद्धतीत ०७ हा आकडा विंडोजच्या एनटीएफएस विभागाला, तर ८३ हा लिनक्सच्या विभागाला वापरतात.

माझ्या हातून पुसले गेले होते ते हेच १६ बाइट. प्रश्नपत्रिका जागच्या जागीच होत्या, फक्त त्यांचा सातबारा हरवला होता.

सेक्टरांच्या संख्येसाठी नोंदीत ३२ बिट ठेवलेले आहेत. २ चा ३२ वा घात गुणिले ५१२ म्हणजे सुमारे २.२ लाख कोटी बाइट, अर्थात २.२ टीबी. १९८३ मध्ये १० एमबीची डिस्क मोठी समजली जाई, त्यामुळे ही मर्यादा कुणाला खुपली नाही. आज ती तोकडी पडते. म्हणून नव्या संगणकांवर जीपीटी नावाची पद्धत असते. तिच्यात क्रमांकांना ६४ बिट मिळतात, सामान्यतः १२८ विभागांची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

वर्गात करून पाहा

चौकटीच्या कागदावर १०० घरे आखून त्यांना क्रमांक द्या. पहिली दहा घरे दप्तरासाठी ठेवा. त्यात लिहा : 'अ गट – ११ ते ७०, आ गट – ७१ ते १००.' दोन्ही गटांनी आपापल्या घरांत, आपापल्या सांकेतिक लिपीत मजकूर लिहावा. आता दप्तरातली नोंद खोडा आणि कागद तिसऱ्या गटाला द्या. मजकूर सगळा आहे, पण कुणाचा कुठून सुरू होतो ते त्यांना कळत नाही.

आता दुसरा प्रयोग करा. नोंद पुन्हा लिहा. आ गटाला जास्त जागा हवी आहे, म्हणून अ गटाची हद्द ७० वरून ५० वर आणायची आहे. अ गटाने ६४ व्या घरात काही लिहिले असेल तर? आधी तो मजकूर ५० च्या आतल्या रिकाम्या घरात हलवायला हवा, मगच नोंद बदलायची. क्रम उलटला की आ गट त्या मजकुरावरच लिहू लागेल. प्रत्यक्ष डिस्कवर विभाग लहान करताना हेच घडते : आधी फायली आत सरकवायच्या, मग हद्द बदलायची. हे काम चालू असताना वीज गेली, तर काही मजकूर जुन्या जागी आणि काही नव्या जागी अशी अवस्था होते. म्हणून डेस्कटॉप संगणकाला यूपीएस जोडल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये.

जागा कशी वाटावी?

विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण धडधाकट चालणारे अनेक संगणक आहेत. अशा संगणकावर इंटरनेटसाठी लिनक्स आणि एखाद्या जुन्या प्रोग्रॅमपुरते विंडोज, अशी जोडी उपयोगी पडते. ५०० जीबीच्या डिस्कवर विंडोजला १५०, लिनक्सला ५० आणि उरलेली जागा दोघांच्या सामाईक फायलींसाठी, अशी वाटणी पुरेशी ठरावी. सामाईक विभाग एनटीएफएस ठेवावा, कारण तो दोन्हीकडून वाचता व लिहिता येतो. एक्स्टफोर विभागातून मात्र विंडोज स्वतःहून काही वाचू शकत नाही, कारण तो विभाग लिनक्सचा असतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी विंडोज, नंतर लिनक्स. जुन्या पद्धतीच्या संगणकावर विंडोज त्या ४४६ बाइटांत आपलाच प्रोग्रॅम लिहिते आणि शेजाऱ्याची दखल घेत नाही. लिनक्सबरोबर येणारा ग्रब हा प्रोग्रॅम मात्र सुरुवातीलाच 'आज कोण?' असे विचारतो. नव्या यूईएफआय संगणकांवर सुरुवातीच्या फायलींसाठी वेगळा छोटा विभाग असतो. त्यात दोघांना स्वतंत्र फोल्डर मिळते, त्यामुळे भांडण कमी होते.

एका घरातल्या दोन बिऱ्हाडांचे छोटे खटके उडतातच. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आली. तिच्यामुळे बंद केलेले विंडोज खरे तर अर्धवट झोपलेले असते. अशा वेळी लिनक्समधून त्याच्या विभागात लिहिणे धोक्याचे असते, म्हणून ही सोय आधी बंद करावी. दुसरी गंमत घड्याळाची. संगणकातल्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असे विंडोज मानते, तर लिनक्स सहसा जागतिक प्रमाणवेळ मानते. त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेल्यावर आपल्याकडे घड्याळ नेमके साडेपाच तासांनी चुकलेले दिसते! रेखावृत्ते आणि प्रमाणवेळ शिकवताना मुलांना याचे कारण जरूर विचारा.

त्या प्रश्नपत्रिकांचे काय झाले?

चूक लक्षात येताच मी एकच शहाणपणा केला : त्या डिस्कवर पुढे एक अक्षरही लिहिले नाही. संगणक बंद केला आणि पेनड्राइव्हवरून टेस्टडिस्क हा प्रोग्रॅम चालवला. प्रत्येक विभागाच्या आरंभी त्याच्या रचनेची खूण असते. हा प्रोग्रॅम डिस्कभर त्या खुणा शोधतो आणि हरवलेली नोंद पुन्हा मांडतो. संध्याकाळपर्यंत विभाग परत दिसू लागला. मी तसाच पुढे जाऊन तिथे लिनक्स घातले असते, तर मात्र प्रश्नपत्रिकांवर नवा मजकूर चढला असता आणि कोणताच प्रोग्रॅम उपयोगी पडला नसता.

सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जास्तीची डिस्क आणली, सगळ्या फायलींची प्रत काढली आणि ती कपाटात कुलपात ठेवली. मग म्हणाले, "आता करा तुमची वाटणी." काम खरे तर याच पायरीपासून सुरू करायला हवे होते.