ब्रेकची लिव्हर मऊ लागते? हवा काढा

लावणीच्या दिवसांत मोटारसायकल घरातल्या गड्याइतकीच राबते. मागे खताची गोणी बांधून कार्लेखिंड उतरताना पुढच्या ब्रेकची लिव्हर स्पंजासारखी दबू लागली, तर ‘उद्या बघू’ म्हणून चालत नाही.

तुमच्या गाडीला तारेचा ड्रम ब्रेक असेल तर त्यात ऑइल नसतेच. हे लिहितो आहे ते डिस्क ब्रेकवाल्यांसाठी. सक्शन पाइपात हवा शिरली की विहिरीवरचा पंप नुसता फिरतो, पाणी उचलत नाही. इथेही तसेच. ऑइल दबत नाही, म्हणून बोटांचा जोर चाकापर्यंत पोचतो. हवा दबते आणि जोर वाटेतच जिरतो.

दुसरा शत्रू ओलावा. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते. ब्रेक ऑइलही असाच ओलावा ओढते. डॉट ३ चे नवे ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा धरला की १४० अंशांच्या आसपासच उकळू शकते. लांब उतारावर ब्रेक तापतो, वाफ होते आणि लिव्हर थेट मुठीला टेकते. म्हणून गाडी कमी चालली तरी दोन वर्षांनी ऑइल बदलावे. टाकीच्या झाकणावर जो डॉट नंबर असेल तोच घ्यावा, आणि तोही सीलबंद लहान बाटलीत. गेल्या वर्षीची उघडी बाटली नको. इंजिन ऑइल तर मुळीच नको, रबरी सील फुगून निकामी होतात.

हवा काढायला दोन माणसे बरी. पेट्रोलच्या टाकीवर ओले फडके टाका, कारण हे ऑइल रंग खाते. ब्रेकच्या टाकीचे झाकण पुसून उघडा. चाकाजवळच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलात बुडवा. एकाने लिव्हर तीन-चार वेळा सावकाश दाबून धरावी. दुसऱ्याने निपल पाव फेरा सैल करावा, बुडबुडे निघू द्यावेत, निपल आवळावे. त्यानंतरच लिव्हर सोडावी. हा क्रम चुकला तर हवा उलट आत जाते. टाकीतले ऑइल खालच्या खुणेखाली कधीही जाऊ देऊ नका. खाऱ्या हवेने निपल गंजून बसले असेल तर जोर लावू नका, तुटते.

तरीही किंचित मऊपणा राहिला तर लिव्हर सायकलच्या जुन्या ट्यूबने मुठीशी रात्रभर बांधून ठेवा. बारीक बुडबुडे वर टाकीत येतात. मात्र दाबून धरलेली लिव्हर हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर बहुधा मास्टर सिलिंडरचे सील गेलेले असते. तिथे हवा काढून उपयोग नाही, मेकॅनिकच हवा. पॅडला ऑइल लागले असेल तर पॅड बदलावेच. एबीएसच्या गाडीत त्या यंत्रात हवा अडकली तर काम वर्कशॉपकडेच द्यावे.

पहिली चाचणी अंगणात गाडी ढकलत घ्या, मग सपाट रस्त्यावर हळू. काढलेले ऑइल विषारी असते. ते विहिरीजवळ ओतू नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका. बाटलीत बंद करून गॅरेजवाल्याकडे द्या.