काढणीपूर्वी झालेली एक फवारणी

अमेरिकेत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी सुगीच्या कृतज्ञतेचा सण पाळला जातो. त्या दिवशी टर्की पक्ष्याच्या मांसाबरोबर क्रॅनबेरी या फळाचा सॉस पानात असावाच, असा तेथील रिवाज आहे. १९५९ साली हा सण २६ नोव्हेंबरला आला होता. त्यापूर्वी अवघे सतरा दिवस, म्हणजे ९ नोव्हेंबरला, तेथील आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याचे मंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी वार्ताहरांना बोलावून एक निवेदन केले. वॉशिंग्टन व ऑरेगॉन या राज्यांतील काही क्रॅनबेरीत अमिनोट्रायझोल या तणनाशकाचा अंश आढळला आहे, आणि हे औषध उंदरांना दीर्घकाळ खाऊ घातले असता त्यांच्या गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत कर्करोगाच्या गाठी होतात, असे त्यांनी सांगितले. मग गृहिणीने काय करावे, असा प्रश्न आला. माल कोठून आला हे तिला ठाऊक नसेल तर तिने तो न घेणेच बरे, असे मंत्र्यांनी उत्तर दिले.

डबाबंद सॉसमधील फळ कोणाच्या मळ्यातले, हे गृहिणीला ठाऊक असणार कसे? दुकानदारांनी फळ्यांवरचे डबे उतरविले, उपाहारगृहांनी पदार्थ यादीतून काढला, काही शहरांत विक्रीच थांबविण्यात आली. वर्षाचा सर्वांत मोठा बाजार ज्या पंधरवड्यात व्हावयाचा त्याच पंधरवड्यात माल पडून राहिला. मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी व विस्कॉन्सिन येथील ज्या शेतकऱ्यांनी ते औषध भलत्या वेळी कधीच वापरले नव्हते, त्यांचाही माल त्यात आला.

हे नुकसान ज्या चुकीतून उद्भवले ती चूक साधी आहे, आणि कोणत्याही गावात ती घडू शकेल अशी आहे. म्हणून ती सविस्तर पाहणे उपयुक्त ठरेल.

क्रॅनबेरी हे आपल्याकडील करवंदासारखे आंबट, पिकल्यावर लाल होणारे लहान फळ होय. त्याचे वेल पाणथळ, आम्लधर्मी जमिनीत सरपटत वाढतात व एकदा लावले की पुष्कळ वर्षे टिकतात. अशा मळ्यात दरवर्षी नांगर घालता येत नाही, कोळपे चालविता येत नाही. खोल मुळांची गवते व लव्हाळ्याच्या जातीची तणे वेलांत शिरली की ती हाताने उपटणे हाच मार्ग उरतो, आणि तो किती अपुरा असतो हे ज्याच्या बागेत हरळी माजली आहे त्याला सांगण्याची गरज नाही. १९५० नंतरच्या दशकात अमिनोट्रायझोल बाजारात आले तेव्हा या शेतकऱ्यांना ते वरदान वाटले असल्यास नवल नाही. पानांवर फवारलेले हे औषध रसाबरोबर साऱ्या झाडात फिरते व मुळांपर्यंत उतरते. तणाची नवी पालवी पांढरीफटक निघते, तिला हरितद्रव्य धरत नाही, आणि अन्न तयार न झाल्याने तण मरते.

तथापि जे औषध रसाबरोबर मुळापर्यंत जाते, ते त्याच वाटेने फळापर्यंतही जाऊ शकते. नुसत्या सालीवर बसणारी भुकटी पाण्याने बरीचशी धुऊन जाते. गरात शिरलेले औषध धुण्याने जात नाही. यासाठी १९५८ च्या आरंभी अमेरिकी शासनाने क्रॅनबेरीवर या औषधाच्या वापराला मान्यता दिली ती एका अटीवर: फवारणी फळे काढून झाल्यावरच करावयाची. काढणीनंतर फवारले तर पुढचे फळ येईपर्यंत जवळजवळ वर्ष जाते, आणि जमिनीतील जंतू तेवढ्या अवधीत औषधाचे विघटन करतात. अटीचे सारे मर्म या कालगणनेत होते.

कित्येकांनी ही मान्यता मिळण्यापूर्वीच, १९५७ च्या हंगामात, फळे वेलीवर असताना फवारणी केली होती. त्या वर्षीच्या फळांत अंश सापडल्यावर सुमारे ३० लाख पौंड माल वेगळा काढून गोठवून ठेवण्यात आला. उंदरांवरील प्रयोगांचे निष्कर्ष आले तेव्हा तो नष्ट करण्यात आला. इतका मोठा धडा मिळूनही १९५९ साली काही मळ्यांत पुन्हा अवेळी फवारणी झाली. त्यांना नियम ठाऊक नव्हता असे म्हणणे कठीण आहे. तण डोळ्यांसमोर वाढत असते आणि कायदा कागदावर असतो. काढणीपर्यंत महिनाभर थांबणे त्या वेळी जड वाटले असावे.

त्या घबराटीत थोडा विनोदही होता. अध्यक्षपदाच्या पुढील निवडणुकीत ज्यांची गाठ पडावयाची होती ते निक्सन व केनेडी त्या दिवसांत विस्कॉन्सिनमध्ये होते. शेतकऱ्यांना धीर देण्यासाठी निक्सन यांनी लोकांसमोर क्रॅनबेरी खाल्ली, केनेडी तिचा रस प्याले. परंतु पुढाऱ्यांच्या खाण्याने गिऱ्हाइकाचा विश्वास परत येत नाही. शासनाने घाईने नमुने तपासले, निर्दोष मालावर तशा चिठ्ठ्या लावल्या. तपासलेल्या मालात दूषित माल फारच थोडा निघाला, तरी हंगाम हातचा गेला तो गेलाच. १९६० साली शासनाने शेतकऱ्यांना सुमारे एक कोटी डॉलर नुकसानभरपाई देण्याचे ठरविले.

ही भीती अवास्तव होती काय? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. उंदरांच्या आहारात या औषधाचे प्रमाण दशलक्ष भागांत १०० भाग इतके होते, आणि ते त्यांना आयुष्यभर खाऊ घालण्यात आले होते. वर्षातून एकदा चमचाभर सॉस खाणाऱ्या माणसाच्या पोटात त्याच्या मानाने नगण्य अंश जात होता. हे औषध थायरॉईड ग्रंथीचे काम अडविते, त्यामुळे ग्रंथीला सतत ताण पडून ती वाढते व अखेर तीत गाठी होतात, असे पुढील संशोधनाने दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००१ साली हे औषध मानवी कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत करता येत नाही, असा निर्णय दिला. असे असले तरी अमेरिकेत खाद्यपिकांवरील त्याचा वापर १९७१ साली बंद झाला, आणि युरोपीय संघानेही २०१६ साली त्याची मान्यता काढून घेतली. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र वाद इतका दूर नेण्याचे कारण नाही. त्या फळात या औषधाचा कोणताही अंश राहण्यास कायद्याने मुभा नव्हती, आणि तो राहिला होता.

डब्यात व पाकिटात काय होते

प्रक्रिया केलेल्या अन्नाची गोष्ट ताज्या भाजीहून वेगळी आहे. कारखान्यात शंभर शेतांचा माल एका हौदात पडतो. नव्व्याण्णव जणांनी नियम पाळला आणि एकाने मोडला, तर त्या एकाचा अंश सर्वांच्या मालात मिसळतो. तो विरळ होतो हे खरे, पण तो कोणाचा हे मग शोधता येत नाही. शिवाय सर्वच औषधे शिजविण्याने नाहीशी होत नाहीत. ग्लायफोसेट हे आज जगात सर्वाधिक खपणारे तणनाशक नेहमीच्या भाजण्या-शिजविण्याच्या उष्णतेत फारसे बदलत नाही. उभ्या गव्हावर ते फवारले असता कोंड्यात त्याचे प्रमाण पांढऱ्या पिठाहून अधिक आढळते. म्हणजे जो भाग पौष्टिक म्हणून मुद्दाम खावा, त्याच भागात अंश अधिक, अशी ही अडचण आहे.

आजची चर्चा मुख्यतः या ग्लायफोसेटविषयी आणि न्याहारीच्या ओटविषयी आहे. कॅनडा, उत्तर अमेरिकेचा थंड भाग, ब्रिटन येथे सुगीच्या वेळी हवा दमट असते व पीक एकसारखे वाळत नाही. म्हणून कापणीच्या आधी आठ-पंधरा दिवस उभ्या पिकावर ग्लायफोसेट मारण्याची प्रथा पडली. तणही मरते व पीकही वाळते. दाण्यातील ओल ३० टक्के किंवा त्याहून कमी झाल्यावरच फवारावे, असे कॅनडातील चिठ्ठीवर लिहिलेले असते. त्याचे कारण क्रॅनबेरीच्या अटीसारखेच आहे. दाणा भरत असेतो झाडाचा रस दाण्याकडे वाहत असतो. त्या वेळी फवारलेले औषध रसाबरोबर दाण्यात जाऊन बसते. दाणा पक्व झाल्यावर ती वाट बंद होते. येथेही चार दिवसांची घाई पाकिटात उतरते.

ग्लायफोसेटच्या धोक्याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. वर उल्लेखिलेल्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ते बहुधा कर्करोगकारक असल्याचे म्हटले. अमेरिकेच्या व युरोपच्या नियामक संस्थांनी तसे मानण्यास पुरेसा आधार नसल्याचा निर्वाळा दिला. युरोपीय संघाने २०२३ साली त्याला आणखी दहा वर्षांची मान्यता दिली, मात्र केवळ पीक वाळवून काढणी साधण्यासाठी ते मारण्यास मनाई केली. बाजाराने तर शास्त्राच्या निकालाची वाटही पाहिली नाही. पश्चिम कॅनडातून ओट घेणाऱ्या एका मोठ्या गिरणीने २०१५ सालीच असे फवारलेले ओट घेणार नाही, असे शेतकऱ्यांना कळविले; दळण नीट होत नाही, हे कारण तिने दिले होते.

आपल्या बांधावर

मसुरीचे पीकही कॅनडात याच रीतीने वाळविले जाते, आणि ती मसूर भारतात येते. २०१८ साली भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आयात डाळींची ग्लायफोसेटसाठी तपासणी करण्यास सांगितले, ते यामुळेच. आपल्याकडे या औषधाची नोंदणी चहाचे मळे व बिगरपिकाची जागा यांपुरती आहे, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र शासनाने त्याच्या वापरावर आणखी निर्बंध घालणारी अधिसूचना काढली. उभ्या मुगावर किंवा हरभऱ्यावर काढणी सोपी व्हावी म्हणून ते मारणे याला आपल्याकडे मान्यता नाही. शेजाऱ्याने मारले व काही झाले नाही, हा पुरावा नव्हे.

महाराष्ट्राला असा तडाखा एकदा बसलेला आहे. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट हे द्रव्य ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि माल अडकला. ते तणनाशक नव्हे, वेलीची वाढ आवरणारे द्रव्य आहे, आणि बागाईतदारांच्या नेहमीच्या वापरातले होते. नाशिक व सांगली भागातील ज्यांनी कर्ज काढून बाग उभी केली होती, त्यांना वर्षाचे गणित जुळविताना काय झाले हे गावोगाव माहीत आहे.

ग्रामसेवकांनी या बाबतीत एका गैरसमजाकडे विशेष लक्ष द्यावे. डब्यावरील लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण पाहून शेतकरी औषध किती कडक ते ठरवितो. हिरवा त्रिकोण असला की ते निरुपद्रवी, केव्हाही मारावे, असे तो समजतो. वस्तुतः तो रंग औषध अंगावर सांडले वा पोटात गेले तर लगेच किती विषबाधा होईल एवढेच सांगतो. धान्यात अंश किती दिवस राहील, हे त्यावरून मुळीच कळत नाही. ते चिठ्ठीवरील तक्त्यात, पिकाच्या नावासमोर, शेवटची फवारणी व काढणी यांतील दिवसांच्या रकान्यात असते. अक्षर बारीक असते व कागद बहुधा डब्याबरोबर फेकला जातो. तो दुकानातच उलगडून वाचावा. पिकाचे नाव त्यात नसेल तर औषध परत करावे. असेल तर फवारणीची तारीख त्या कागदावरच लिहून ठेवावी, दिवस मोजावे, आणि मळणीयंत्रवाल्याला त्यानंतरचीच तारीख द्यावी.